पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा: नेमका किती जणींना होतो, आणि आकडे जुळत का नाहीत?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं एक घोषणा केली. पाळी गेल्यानंतर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या औषधांवर वीसेक वर्षं काळ्या चौकटीत एक कडक इशारा छापला जात होता. तो बऱ्याच अंशी काढून टाकायचं ठरलं. बातम्यांत चर्चा झाली ती गोळ्यांची, हृदयविकाराची आणि स्तनांच्या कॅन्सरची. त्याच इशाऱ्याखाली योनीत लावायचं अगदी कमी मात्रेचं क्रीमही इतकी वर्षं अडकून पडलं होतं, हे मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटलं.

ते क्रीम ज्या त्रासासाठी आहे, तो पन्नाशी-साठीतल्या जवळजवळ निम्म्या बायकांना होतो. गुडघेदुखीबद्दल आपण लग्नाच्या पंगतीतही बोलतो. याबद्दल सख्ख्या बहिणीशीही बोलणं होत नाही. म्हणून ज्या बाईला तो होतो तिला वाटतं, आपल्यालाच काहीतरी विचित्र झालंय.

## त्रास म्हणजे काय काय?

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी ५१ च्या आसपास आहे, आपल्याकडे बरंच अलीकडे, ४६-४७ च्या सुमारास. म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षं तरी बाई पाळीविना जगते. आयुष्याचा हा काही छोटा तुकडा नव्हे.

या काळात योनीत कोरडेपणा येतो. बाहेरच्या भागाला खाज सुटते, आग होते, कापडाचा काठ घासला तरी चुरचुरतं. संबंधांच्या वेळी दुखतं, कधी त्यानंतर रक्ताचा ठिपका दिसतो. आणि यांच्याच जोडीनं लघवीच्या तक्रारी येतात: वारंवार जावं लागणं, एकदम घाई होणं, पुन्हा पुन्हा उन्हाळी लागणं. पूर्वी डॉक्टर योनीचा त्रास आणि लघवीचा त्रास वेगवेगळा मोजत. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी या सगळ्याला मिळून एकच नाव दिलं, त्याचं लघुरूप ‘जीएसएम’. कारण सरळ आहे. योनी, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भाग हे शेजारी-शेजारी आहेतच, शिवाय एकाच हार्मोनवर पोसलेले आहेत.

## आत नक्की काय बदलतं?

ते हार्मोन म्हणजे इस्ट्रोजेन. ते भरपूर असतं तेव्हा योनीचं अस्तर जाड, लवचीक आणि ओलसर राहतं, रक्तपुरवठा चांगला असतो. त्या अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते. योनीत राहणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू या साखरेवर वाढतात आणि आम्ल तयार करतात. दही आंबट होतं ते याच कुळातल्या जिवाणूंमुळे, आणि नीट विरजलेल्या दह्यात दुसऱ्या जंतूंना सहजासहजी शिरकाव मिळत नाही तोही त्या आंबटपणामुळेच. तरुण वयात योनीतला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान असतो. पीएच जितका कमी, तितकी आम्लता जास्त.

इस्ट्रोजेन कमी झालं की साखळी उलटी फिरते. अस्तर पातळ होतं, साखर घटते, लॅक्टोबॅसिलस उपाशी पडतात, आंबटपणा जातो, पीएच पाचच्या वर चढतो. मग आतड्यातले जंतू, जे एरवी इथे टिकले नसते, ते मुक्काम ठोकतात आणि शेजारच्या मूत्रमार्गात शिरतात. सत्तरीच्या आजीला वर्षातून चार वेळा उन्हाळी का लागते, याचं उत्तर बहुतेकदा ती पाणी कमी पिते एवढंच नसतं. (बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईलाही काही महिने असाच कोरडेपणा येतो, कारण तिचंही इस्ट्रोजेन तेव्हा कमी असतं. तिचा तो नंतर जातो.)

इथे एक शंका हमखास येते: मग तिथे दही लावलं तर? नको. खायच्या दह्यातले जिवाणू आणि योनीत वस्ती करणारे जिवाणू एका कुळातले असले तरी एक नव्हेत. शिवाय त्यांना जगवणारी साखर अस्तरातच नसेल, तर वरून जिवाणू सोडून ते टिकणार कशावर?

## किती जणींना? दहात तीन, की दहात आठ?

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरा घोळ तिथेच आहे. अमेरिकेतल्या रजोनिवृत्ती तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये सगळा अभ्यास एकत्र मांडला, तेव्हा हे प्रमाण २७ ते ८४ टक्के असल्याचं नोंदवलं. इतकी मोठी दरी पाहिली की वाचणाऱ्याला वाटतं, यांना काहीच ठाऊक नाही. तसं नाही. कुणाला विचारलं, कसं विचारलं आणि कोणत्या वयात विचारलं, यावर आकडा ठरतो.

अमेरिकेत ‘स्वान’ नावाचा मोठा अभ्यास आहे. गोऱ्या, कृष्णवर्णीय, चिनी, जपानी आणि हिस्पॅनिक वंशाच्या बायकांना तो चाळिशीपासून वर्षानुवर्षं प्रश्न विचारत राहिला. या बायका दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या नव्हत्या, वस्त्यांमधून निवडलेल्या होत्या. सुरुवातीला, म्हणजे ४२ ते ५३ या वयात, १९ टक्क्यांना कोरडेपणा होता. त्याच बायका ५७ ते ६९ वर्षांच्या झाल्या तेव्हा ३४ टक्क्यांना. दर तिघींमागे एकीला, आणि तेही फक्त कोरडेपणा या एका लक्षणाबद्दल विचारल्यावर.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नमधल्या बायकांचाही असाच वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. पाळी नियमित असताना कोरडेपणाची तक्रार ३ टक्के होती. पाळी जायच्या बेतात आली तेव्हा २१ टक्के, आणि पाळी जाऊन तीन वर्षं झाल्यावर ४७ टक्के. हा चढ मला कोणत्याही एका सुट्या आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. वय काही वर्षांनीच वाढलं, पण तक्रार पंधरा पटींनी.

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि स्कॅन्डिनेव्हियन देशांतल्या ५५ ते ६५ वयाच्या ३,५२० बायकांचं ‘व्हिवा’ नावाचं सर्वेक्षण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ४५ टक्के जणींनी योनीची लक्षणं असल्याचं सांगितलं. उलट इटलीत स्त्रीरोग विभागात आलेल्या नऊशेहून अधिक बायकांची तपासणी करून मोजलं, तेव्हा ७९ टक्के जणींत जीएसएम आढळला. इथे दोन गोष्टी बदलल्या. या बायका मुळात दवाखान्यात आलेल्या होत्या. आणि डॉक्टरांनी नुसतं विचारलं नाही, तपासून पाहिलं. अस्तर पातळ झालेलं डॉक्टरांना दिसतं, बाईला मात्र त्याचा त्रास होत असेलच असं नाही. दिसणाऱ्या बदलाला आणि जाणवणाऱ्या त्रासाला एकाच खात्यात घातलं की आकडा फुगतो. फक्त एक लक्षण विचारलं की तो आकसतो.

तेव्हा कुणी विचारलं तर मी म्हणेन, घरात बसलेल्या सर्वसाधारण बायकांचा हिशेब धरला तर दहात चार-पाच जणी. पाळी जाऊन जितकी जास्त वर्षं झाली, तितक्या जास्त.

## एवढ्या जणींना होतं, तर ऐकू का येत नाही?

‘व्हिवा’मधला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा अस्वस्थ करणारा आहे. आपली लक्षणं पाळी जाण्यामुळे योनीत झालेल्या बदलाची आहेत, हे फक्त ४ टक्के बायकांनी ओळखलं. ‘स्वान’मध्ये कोरडेपणा असलेल्या निम्म्याहून जास्त बायकांनी तो डॉक्टरांना सांगितलाच नव्हता. हे देश शिकलेले, तिथे दवाखाने भरपूर. आपल्याकडे तर डॉक्टरांच्या खोलीत बाईबरोबर मुलगा किंवा सून असते. ‘आणखी काही?’ असं विचारल्यावर ‘नाही’ एवढंच उत्तर येतं.

बरं, बाई सांगते तेव्हाही ती ‘खाली आग होते’ एवढंच सांगते. मग बुरशीचं क्रीम मिळतं. लघवीची जळजळ सांगितली तर प्रतिजैविकं मिळतात, कधी तपासणी न करताच. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. एखादी काकू वर्षभर असं फिरत राहते आणि तिच्या मनात स्वच्छतेबद्दल शंका बसते. मग ती साबण घासते, जंतुनाशक घातलेल्या पाण्यानं आत धुते, सुगंधी वॉश आणते. पातळ झालेल्या अस्तरावर याचा परिणाम आगीत तेल ओतण्यासारखाच. बाहेरच्या भागाला साधं पाणी पुरतं आणि आत धुण्याची गरज कधीच नसते.

## ‘वयाचा भाग आहे, जाईल आपोआप’

पाळी जाताना अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम फुटतो. तो त्रास बहुतेकींचा काही वर्षांत ओसरतो. ‘स्वान’मध्ये तो सरासरी सात वर्षांच्या आसपास टिकला. त्यामुळे हाही जाईल, अशी समजूत होणं साहजिक आहे. पण गरम वाफांचं कारण म्हणजे इस्ट्रोजेनच्या चढउतारांना मेंदूनं दिलेली प्रतिक्रिया, आणि मेंदू हळूहळू त्या नव्या पातळीशी जुळवून घेतो. योनीच्या अस्तराला असं जुळवून घेता येत नाही. त्याला इस्ट्रोजेन हवं असतं आणि ते परत येणार नसतं. म्हणून जीएसएम सोडून दिला तर आहे तिथे राहतो किंवा वाढतो.

वयाचा भाग तर चष्माही आहे. तो आपण घालतोच ना?

## ‘आमचे आता संबंधच नाहीत, मग काय फरक पडतो?’

विधवा, एकट्या राहणाऱ्या, नवऱ्यापासून वेगळ्या झोपणाऱ्या बायका हे म्हणतात. कधी डॉक्टरही त्यांना याच कारणानं विचारत नाहीत. पण चुरचुर चालताना होते, रिक्षात बसल्यावर होते, लघवी करताना होते. खाजेनं रात्री झोपमोड होते.

याची दुसरी बाजूही आहे. संबंध ठेवले तर कोरडेपणा येत नाही, असं काही जणींना ऐकवलं जातं. ‘स्वान’च्या अभ्यासकांनी हे तपासलं. कोरडेपणा येण्याचा संबंध इस्ट्रोजेनच्या पातळीशी, पाळीच्या टप्प्याशी आणि बीजकोश काढण्याशी दिसला. जोडीदाराशी संबंध येत होते की नाही याच्याशी नाही. तेव्हा नवऱ्यानं हे कारण पुढे केलं तर त्याला बिनदिक्कत नाही म्हणता येईल.

## पिशवी काढलेल्यांचं काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वजनाचा आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत कामावर खाडा पडला की दंड, मुकादमाची उचल फेडायची चिंता, आणि पांढरं जाण्याच्या साध्या तक्रारीवर खासगी दवाखान्यात दाखवलेली कॅन्सरची भीती, असं सगळं त्यामागे होतं.

पिशवी काढली आणि दोन्ही बीजकोश जागेवर ठेवले, तर पाळी थांबते पण इस्ट्रोजेन बनत राहतं. बीजकोशही काढले, तर ते काही दिवसांतच तळाला जातं. नैसर्गिकरीत्या जे चार-पाच वर्षांत हळूहळू घडतं, ते पस्तिशीच्या बाईच्या शरीरात आठवड्याभरात घडतं आणि त्रासही तीव्र होतो. पुढे आयुष्याची चाळीस वर्षं उरलेली असतात. फडात उन्हातान्हात, पाणी आणि संडास नसताना, लघवी दाबून धरत काम करणाऱ्या बाईला हा त्रास काय करत असेल याची मोजदाद कोणत्याही परदेशी सर्वेक्षणात सापडणार नाही. पिशवी काढायला सांगितली असेल तर बीजकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का, हे ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या. आधी झालेलं असेल तर डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं.

## उपाय काय?

पहिली पायरी बिनहार्मोनची. संबंधांच्या वेळी पाण्याचा आधार असलेलं वंगण जेल, आणि एरवी आठवड्यातून दोन-तीन वेळा योनीत लावायचं ओलावा टिकवणारं जेल. दोन्ही चिठ्ठीशिवाय मिळतात. सुगंध आणि ‘गरम’ परिणाम असलेली टाळावीत. खोबरेल तेल बाहेरच्या त्वचेला अनेक जणी लावतात. पण कंडोम वापरत असाल तर कोणतंही तेल नको, त्यानं रबर विरतं.

यानं भागलं नाही तर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन. आपल्याकडे एस्ट्रिऑल क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. साधारण दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. फरक जाणवायला काही आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला तीन महिने. थांबवलं की त्रास हळूहळू परततो, म्हणून ते चालू ठेवावं लागतं.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१८ मध्ये अमेरिकेत ३०२ बायकांवर एक चाचणी झाली. योनीत ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी, ओलावा देणारं जेल आणि नुसतीच नकली (आत औषध नसलेली) गोळी-जेल, अशी तुलना होती. बारा आठवड्यांनी सगळ्याच गटांतल्या बायकांना बरं वाटलं, आणि जवळजवळ सारखंच. म्हणजे सौम्य कोरडेपणासाठी स्वस्त जेलपासून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र उन्हाळीचं तसं नाही. १९९३ मध्ये इस्रायलमधल्या ९३ बायकांवर झालेल्या चाचणीत, एस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी अर्ध्यावेळा संसर्ग झाला, न लावणाऱ्यांना जवळजवळ सहा वेळा. क्रीमवाल्यांचा पीएच पुन्हा चारच्या खाली आला, लॅक्टोबॅसिलस परतले. वारंवार प्रतिजैविकं घेणाऱ्या आजीसाठी हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवण्याजोगा आहे.

## ‘हार्मोन म्हणजे कॅन्सर ना?’

ही भीती २००२ सालची. अमेरिकेतल्या १६,६०८ बायकांवरची एक मोठी चाचणी तेव्हा मध्येच थांबवली गेली. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्यांतल्या साधारण निम्म्या तोंडावाटे दोन हार्मोनची एकत्र गोळी रोज घेत होत्या, बाकीच्या नकली गोळी. हार्मोन घेणाऱ्यांत दर वर्षी दहा हजार बायकांमागे स्तनांच्या कॅन्सरचे आठ रुग्ण जास्त निघाले. त्यानंतर इशारा छापला गेला तो इस्ट्रोजेनच्या सगळ्याच औषधांवर, योनीत लावायच्या क्रीमसकट.

पण मात्रा पाहा. योनीत ठेवायची १० मायक्रोग्रॅमची गोळी वर्षभर नेमानं वापरली तर एकूण साधारण एक मिलिग्रॅमच्या थोडं वर इस्ट्रोजेन होतं. तोंडावाटे घ्यायच्या गोळीत तेवढं एका दिवसात पोटात जातं. रक्तातली पातळी पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या मर्यादेतच राहते. हजारो बायकांच्या नोंदींवर आधारलेल्या दोन मोठ्या अमेरिकी अभ्यासांत योनीतलं इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांना स्तनांचा कॅन्सर जास्त झाल्याचं दिसलं नाही.

ज्यांना स्तनांचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी मात्र स्वतःहून क्रीम सुरू करू नये. लेट्रोझोलसारखी औषधं इस्ट्रोजेन मुद्दाम शून्याजवळ नेतात, त्यामुळे यांना कोरडेपणा फार होतो, आणि तिथेच निर्णय नाजूक असतो. आधी जेल, मग कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून पुढचं.

आणि लेझर? शहरांत त्याच्या जाहिराती जोरात आहेत, खर्चही तसाच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्येच ‘योनी तरुण करणाऱ्या’ यंत्रांबद्दल भाजण्याचा आणि व्रण राहण्याचा धोका सांगितला. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत खरा लेझर आणि नुसतं यंत्र फिरवण्याचं नाटक यांत वर्षभरानं फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर पैसे वाचवा.

## हे दुसरंच काही असेल तर?

असू शकतं, आणि म्हणूनच एकदा तपासून घ्यायचं. मधुमेहात खरोखरच बुरशी होते. बाहेरच्या भागावर पांढरे, पातळ चट्टे आणि जीव नकोसा करणारी खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचारोग असू शकतो. त्याला स्टेरॉइडचं मलम लागतं, इस्ट्रोजेननं तो बरा होत नाही, आणि उपचार न केल्यास थोड्या जणींत पुढे कॅन्सर होतो. भरत नसलेली जखम किंवा गाठ असेल तर थांबू नये.

पाळी पूर्ण जाऊन वर्ष उलटल्यावर एकदाही रक्त दिसलं, मग ते ठिपकाभर का असेना, तर सोनोग्राफी करून घ्यावी. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण अशा दर दहा-अकरा बायकांमागे साधारण एकीला गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असतो आणि तो या टप्प्यावर सापडला तर बहुधा बरा होतो.

जीएसएमच्या निदानाला मोठी यंत्रं लागत नाहीत. बाई काय सांगते ते ऐकायचं, एकदा नीट पाहायचं, हवं तर पीएचची पट्टी लावायची. सांगताना ‘पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हापासून खाली कोरडं वाटतं, आग होते, लघवीला वारंवार जावं लागतं’ असं एका दमात सांगितलं तर डॉक्टरांना दिशा लगेच मिळते. आतली तपासणी दुखणार असेल तर आधी सांगावं, लहान उपकरण आणि जेल वापरता येतं. सोबत आलेल्या माणसाला बाहेर थांबायला सांगण्याचा हक्क बाईचा आहे. तीन महिन्यांच्या उपचारानं काहीच फरक पडला नाही, तर तेच क्रीम पुन्हा लिहून घेऊ नका. निदान पुन्हा तपासून मागा.